कडुलिंबाकडची रिंग

आमच्या घरी पाहुणा जेवायला बसला की वरणाची वाटी त्याच्या ताटात राहत नाही. ती मैदानाची मधली रेघ होते. मीठदाणी एका टोकाची रिंग, तांब्या दुसऱ्या टोकाची. लोणच्याची बरणी म्हणजे समोरच्या टीमचा सूर्यभान. मग आमचे केशवराव लिंबाची फोड उचलतात, तिला ताटाच्या कडेकडेनं पळवतात आणि सांगतात, "असा मी सुटलो. चार जण अंगावर. रेफ्री त्यांचाच." पाहुण्याची भाकरी गार होते. पाहुणा नवा असला तर विचारतो, "मग? पडली बास्केट?" केशवराव छाती काढून म्हणतात, "पडली म्हणजे? फायनलची शेवटची बास्केट माझीच!"

इथं थांबतात. पुढचं विचारलं की पाणी पितात.

म्हणून पुढचं मी सांगते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, बास्केटबॉल मला कळत नाही. पण नवऱ्याच्या तोंडून एक मॅच जन्मभर ऐकल्यावर दगडालाही कळेल.

तेव्हा यांचं कॉलेज जामबागेत आणि सूर्यभानचं चिक्कडपल्लीत. मधे अंतर ते किती, सायकल मारली की पोचलं. पण वैर असं, की इकडच्या पोरांनी चिक्कडपल्लीच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही आणि तिकडच्या पोरांनी जामबागेजवळच्या कोठीच्या फूटपाथवर पुस्तकं घ्यायची नाहीत. कशासाठी? तर एक फुगवलेला चेंडू लोखंडाच्या कड्यातून टाकायचा, त्यासाठी. बरं, टाकला तर तो तिथं राहतो का? खालून पडतोच. जी वस्तू खालून पडणारच आहे तिच्यासाठी दहा दांडग्यांनी एवढं का पळावं, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

जामबागेच्या मैदानात एका टोकाला मोठं कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्याखालची रिंग यांच्या टीमला लाभते असा यांच्या कप्तानाचा समज. कधीतरी त्या रिंगमध्ये टाकून पहिली मॅच जिंकले होते म्हणे. तेव्हापासून टॉस जिंकला की हे काय मागणार, तर मॅचच्या दुसऱ्या अर्ध्यात कडुलिंबाकडच्या रिंगमध्ये टाकायची बाजू. सराव करायचा तोही त्याच रिंगवर. शिकलेली पोरं ही. फिजिक्स आणि केमिस्ट्री वाचायची आणि झाडाला नारळ फोडायची.

फायनलच्या दिवशी टॉस हरले. बाजू उलटी झाली. दुसऱ्या अर्ध्यात कडुलिंबाकडची रिंग राखायची होती आणि समोरच्या रिंगमध्ये टाकायचं होतं. खेळ संपत आलेला, यांची टीम एका पॉइंटनं पुढं. केशवरावांच्या हातात चेंडू आला. आता नुसतं उभं राहिले असते तरी जिंकले असते. पण हे नुसतं उभं राहणारे असते तर माझा संसार वेगळाच झाला असता. सगळं मैदान ओरडायला लागलं, "नक्को! केशव, नक्को!" यांना वाटलं आपल्याला चेव देतायत. सुटले ते थेट कडुलिंबाकडे.

त्या रिंगखाली सूर्यभान उभा होता. ताडासारखा उंच, मनात आणलं असतं तर एका हातानं चेंडू काढून घेतला असता. त्यानं काय केलं? तो बाजूला सरकला, कमरेत वाकला, हात पसरला आणि म्हणाला, "आओ मियाँ, तशरीफ लाओ."

आणि यांनी टाकला. सुंदर टाकला म्हणे, कड्याला शिवलासुद्धा नाही. आपल्याच रिंगमध्ये. शिट्टी वाजली, चिक्कडपल्ली एका पॉइंटनं जिंकली आणि फायनलची शेवटची बास्केट केशवरावांचीच झाली.

आमची सोयरीक जमली ती याच बास्केटवर. मध्यस्थानं माझ्या वडलांना नांदेडला सांगितलं, "मुलगा खेळाडू आहे. फायनलची शेवटची बास्केट त्यानंच मारली." वडलांना वाटलं, जावई म्हणजे कुणी मोठी असामी. खरं मला लग्नात कळलं. हा एवढा उंच सूर्यभान जेवणाच्या पंगतीतून उठून आला, माझ्या हातात आहेराची डबी दिली आणि म्हणाला, "वहिनी, हे जपून ठेवा. याला भाजी आणायला पाठवाल तेव्हा बरोबर द्या." डबीत होकायंत्र होतं. पितळेचं. उत्तर दक्षिण दाखवणारं. नवरदेवाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे, पण मी नवी नवरी, मान वर करून बघायची सोय नव्हती. तेवढी एक हळहळ राहिली आहे.

आता हा सूर्यभान आमच्या घरात कसा शिरला तेही सांगते. लग्नानंतर महिन्याभरातच तो काचीगुड्याला आमच्या घरी आला, यांना टोमणे मारायला. आमचं शेतकऱ्याचं घर, उदगीरकडची जमीन अजून होती, सासूबाई जुन्या वळणाच्या. सूर्यभानचं घराणं बौद्ध. सासूबाईंनी मला चहा करायला सांगितला आणि कोनाड्यातून कान तुटलेला कप काढला. तो कप कुणासाठी निघतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही कळलं. सूर्यभानलाही कळलं असणार, कारण टोमणा अर्धाच टाकून तो चपलांकडे बघायला लागला. मी ट्रे घेऊन मधेच उभी.

केशवराव उठले. ट्रेमधला तो कानतुटका कप स्वतः घेतला, आपला कपबशीचा चांगला जोड सूर्यभानपुढं ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, हरलेला मी आहे. फुटका कप माझा."

सूर्यभान असा हसला की शेजारची पोरं खिडकीत आली.

त्या दिवसापासून तो कप यांचाच. अजून त्यातच चहा पितात, चटका बसतो म्हणून फडक्यानं धरून. तोंडानं कधी हरलो म्हणणार नाहीत, कपानं दिवसातून दोनदा म्हणतात. या माणसाच्या हातून झालेलं एवढं एक शहाणपणाचं काम, आणि तेही चहाच्या वेळी झालं. बाकी सगळा आनंद आहे. वीज खात्यात कारकुनी केली, घरातला फ्यूज मात्र मी बदलला. मुलाला बास्केटबॉल शिकवायला नेलं तर शिवराज आठ दिवसांत कॅरम खेळायला लागला. सूर्यभान टपाल खात्यात लागला, तिथं त्यानं काय केलं मला ठाऊक नाही, पण त्याची बायको रेणुकाबाई म्हणते की घरातलं पत्र त्यानं कधी वेळेवर पेटीत टाकलं नाही.

आणि दर वर्षी तो तमाशा. संक्रांतीनंतरच्या रविवारी दोन्ही कॉलेजांचे जुने खेळाडू जामबागेच्या मैदानात जमतात. पळण्याची कुणाचीच ऐपत राहिली नाही, म्हणून रेघेवर उभं राहून एकेकानं पाच चेंडू टाकायचे. पोटं सुटलेली, टक्कल पडलेलं, आणि त्यावर कॉलेजचे बनियन. बायका तिळगूळ घेऊन कडेला बसतात. गोड बोलायच्या दिवसांत हे म्हातारे एकमेकांना असं काही बोलतात की मी तीळ पोरांना देऊन उठते. शेवटी हरलेल्यानं जिंकलेल्याला बशीत चहा ओतून द्यायचा, तोही उभ्यानं. एवढ्या चहासाठी हे लोक पौष महिनाभर गच्चीवर हात फिरवत बसतात. मी वाळवणं घालते, हे शेजारी उभे राहून हवेत चेंडू टाकतात. एकदा खरंच पापड उडवला.

दोन वर्षांपूर्वी सूर्यभाननं गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. मी फळं घेऊन दवाखान्यात गेले होते. दोन्ही पायांना पट्ट्या, आणि रेणुकाबाई मुसंबी सोलत होती. केशवराव गेले नाहीत. म्हणाले, "त्याला लोळलेला बघायला मला वेळ नाही." खरं म्हणजे घाबरले होते. दवाखान्याच्या वासानंच यांचं पाणी पाणी होतं. तीन महिन्यांनी सूर्यभान काठी न घेता चालायला लागला, आणि त्या संक्रांतीला यांना त्याला चहा ओतून द्यावा लागला. तेव्हापासून म्हणतात, "लोखंडाचे गुडघे लावून खेळतो. लबाड."

मग यांचेच गुडघे गेले.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आधी जिन्यात एकदा बसायचे, मग दोनदा, मग खाली उतरणंच बंद. खिडकीत बसून काचीगुडा स्टेशनच्या गाड्या मोजायच्या आणि कुठली लेट आहे ते मला स्वयंपाकघरात ओरडून सांगायचं. जसं काही मीच तिच्यातून उतरणार आहे. रात्री उठायचं तर माझ्या खांद्यावर भार. माझाही खांदा काही तिशीतला नाही. शिवराजनं नारायणगुड्याला डॉक्टरकडे नेलं. तेलुगू माणूस, चांगला होता. फोटो दिव्यापुढं धरून म्हणाला, "आता करा. उशीर केला तर स्नायू जातील, मग ऑपरेशन करूनही चालता येणार नाही." इथवर ठीक होतं. पण भल्या माणसानं पुढं म्हटलं, "घाबरू नका. तुमच्याच ओळखीचे ते सूर्यभान, त्यांचं मीच केलं."

झालं. घरी येताना रिक्षातच म्हणाले, "मी नाही करणार."

"का हो?"

"त्यानं आधी केलं."

"अहो, तो आधी जेवला तर तुम्ही उपाशी राहणार का?"

"ते वेगळं. उद्या म्हणेल, केशव्या माझ्या मागं मागं आला."

मी बोलले, शिवराज बोलला, नात तन्वीनं फोनवर कसले कसले व्हिडिओ दाखवले. हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला. श्रावण गेला, गणपती आले. आरतीला सगळे उभे, हे खुर्चीत. शेजारची बाई प्रसादाची वाटी हातात देऊन गेली आणि जाताना मला हळूच म्हणाली, "पूरे बैठ गये क्या अंकल?" मी हसून घालवलं. पण त्या रात्री मला काही गोड लागलं नाही. मला कळलं होतं, की हा वेडा पुढच्या गणपतीला खुर्चीतसुद्धा नसेल, पलंगावर असेल. आणि मी त्याला उचलू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी रेणुकाबाईला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "यांना पाठवते."

मी म्हटलं, "अगं, त्यांना नको! त्यांच्यामुळंच तर अडलंय."

"म्हणूनच पाठवते," ती म्हणाली.

सूर्यभान संध्याकाळी आला. जिन्यातूनच ओरडत आला, "कौन जी, घरात आहे का कुणी, का गेले सगळे?" आत येऊन त्यानं केशवरावांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"काय रे केशव्या, सिंहासन छान आहे. हलत नाहीस ऐकतो."

"तुझ्यासारखं लोखंड नाही घालणार मी अंगात."

"नको घालूस. मला काय. पण मी एक सांगायला आलो." तो खुर्ची ओढून समोर बसला आणि डावा पाय हळूच लांब केला. तोंड वाकडं केलं. "माझी फक्त उजवी बाजू झाली. डाव्याला मी घाबरलो. डॉक्टर म्हणाला दोन्ही करू, मी म्हटलं नक्को, एकच बस. आता डावा जीव खातोय. रात्र रात्र झोप नाही."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. दोन्ही पायांच्या पट्ट्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात सूर्यभाननं माझ्याकडे बघितलं. काही खूण नाही, काही नाही, नुसतं बघितलं. मी साखर विसरल्याचं निमित्त करून आत गेले.

आतून ऐकते तर केशवराव सावकाश विचारतायत, "म्हणजे तू एकच केलास?"

"हौ."

"भित्रा."

"भित्रा तर भित्रा."

"चिक्कडपल्लीवाले असेच. अर्ध्यात सोडणार." स्टेशनावरची घोषणा झाली. मग: "आणि मी दोन्ही केले तर?"

"तू?" सूर्यभान हसला. "तू सुई बघून पळशील. तोही उलट्या दिशेला."

"दोनास एक होईल," केशवराव म्हणाले. "सूर्या, दोनास एक."

मी साखर घेऊन बाहेर आले तेव्हा हे शिवराजला फोन लावत होते. आम्ही सगळे घसा कोरडा करून सांगत होतो की तुम्हाला चालता येईल, स्वतःचं स्वतः उठता येईल. त्यानं काही हललं नाही. हललं कशानं, तर एका पॉइंटनं.

ऑपरेशनच्या दिवशी सूर्यभान आमच्या आधी दवाखान्यात हजर. ढकलगाडीवरून यांना आत न्यायला लागले तेव्हा तो दाराच्या बाजूला सरकला, कमरेत वाकला, हात पसरला. "आओ मियाँ, तशरीफ लाओ." नर्स बघत राहिली. केशवरावांनी पडल्या पडल्या त्याला अशी शिवी दिली की तिथंच माझा अर्धा घोर गेला.

सगळं नीट झालं. दोन्ही गुडघे. पुढचे दोन महिने कुथणं, ओरडणं, व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला "तू चिक्कडपल्लीची का?" असं विचारणं, हे सगळं मी सोसलं. दिवाळीनंतर स्वतःचे स्वतः जिना उतरले आणि कोपऱ्यावरून दूध घेऊन आले. दूध नासकं निघालं. मी साखर घालून ते आटवलं.

आता सूर्यभानचं ऐका. खोटं बोलून बसला होता, ते निभवायला नको? तेव्हापासून धडधाकट माणूस आमच्याकडे आला की लंगडतो. खाली रिक्षातून ताठ उतरतो, आमच्या जिन्याशी आला की डावा पाय ओढायला लागतो. वरून केशवराव दारात उभे, "ये ये, एक पॉइंटवाल्या, सावकाश ये." रेणुकाबाई मला म्हणते, "घरी सुद्धा लंगडतात हो. म्हटलं, इथं कोण बघतंय? तर म्हणतात, सवय ठेवली पाहिजे." सत्तरी ओलांडलेला बाप्या, नातवंडं असलेला. एकाला खरं चालायला लावायचं म्हणून दुसरा खोटं लंगडतोय, आणि पहिला त्याच्यावर मिशीला पीळ देतोय. अशा दोन माणसांमध्ये माझं आयुष्य गेलं.

यंदाच्या संक्रांतीनंतरच्या रविवारी जामबागेला गेलो. केशवराव बनियन घालून रेघेपर्यंत चालत गेले, काठी माझ्याकडे फेकून. रिंग तीच, कडुलिंबाकडची. त्यांनी पाच चेंडू टाकले, एक कड्याला लागला, बाकीचे झाडाला. मग सूर्यभान निघाला. तिळगुळाचे डबे, गप्पा, गडबड, त्यात तो जरा विसरला. लंगडत निघाला खरा, पण उजव्या पायानं.

रेणुकाबाईनं माझा हात दाबला.

तेवढ्यात केशवराव सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले, "अरे सूर्या, डावा! डाव्या पायानं लंगडायचं! विसरलास?"

सूर्यभान जागच्या जागी उभा राहिला. मग दोन्ही पायांवर ताठ होऊन तरातरा परत आला. "तुला माहीत होतं?"

"डॉक्टरच म्हणाला. आत नेलं तेव्हा. तुमच्या दोस्ताचे दोन्ही एकाच दिवशी केले होते, तिसऱ्या दिवशी चालले म्हणे."

"मग उठून आला का नाहीस?"

"कसा येणार?" केशवराव म्हणाले. "कपडे काढून घेतले होते ना त्यांनी."

"आणि मला आजवर जिना चढवलास? लंगडत?"

"तू मला रिंगखाली थांबवलं होतंस का?"

सूर्यभाननं चेंडू घेतला आणि पाचही टाकले. एकही पडला नाही. एक तर मागं गेला. दोघांचंही शून्य. असं आधी कधी झालं नव्हतं, म्हणून चहा कुणी ओतायचा यावर वाद सुरू झाला. केशवराव म्हणतात, दोनास दोन आणि शून्यास शून्य, पण खोटं बोलला तो हरला. सूर्यभान म्हणतो, खोट्याला फसून ऑपरेशन केलं तो हरला. किटली दोघांच्याही हातात, इकडून हे ओढतात, तिकडून तो ओढतो. केशवरावांच्या दुसऱ्या हातात कानतुटका कप. घरून पिशवीत घालून आणला होता, मला न विचारता.

मी उठले. दोघांच्या हातातून किटली काढून घेतली. दोघंही नव्या गुडघ्यांवर उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मी रेणुकाबाईला बशीत ओतून दिला, मग माझ्या बशीत ओतला, आणि आम्ही दोघींनी तो गरम असतानाच पिऊन टाकला.